मिरीची ताराल्ली

मी मुळात संशयी बाई. लग्न होऊन कलकत्त्याला आले तेव्हा थोडी होते, दोन वर्षांत पुरती झाले. त्या काळात या शहरात राहायचं तर भाबडेपणा परवडत नव्हता. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळतात आणि ते खाऊन पाय सुजतात, असं शेजारीपाजारी बोलायचे. तुपात वनस्पती, हळदीत रंग, आणि दुधाबद्दल तर बोलायलाच नको. तूप घेताना मी दुकानदारासमोर थेंबभर तूप कागदावर चोळून तो डाग उजेडाकडे धरायचे. त्यातून नक्की काय कळायचं ते मला आजही सांगता येणार नाही, पण दुकानदार अस्वस्थ व्हायचा आणि तेवढ्यानेही मला बरं वाटायचं.

आणि या सगळ्याच्या वर मासा. आमचं घर भवानीपूरला, पक्कं शाकाहारी. पहिल्याच वर्षी खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी नातवाच्या उष्टावणाची म्हणून वाटीभर कोबीची भाजी पाठवली. मी कौतुकाने वाढून घेतली आणि दुसऱ्या घासाला त्यात माशाच्या डोक्याचा तुकडा निघाला. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांच्या लेखी ती कोबीचीच भाजी होती, मासा आपला चवीपुरता. पण त्या दिवसापासून बाहेरचं काहीही तोंडात घालण्याआधी मी विचारू लागले. मासा नाही ना? अंडं नाही ना? मिठाईच्या दुकानात, बेकरीत, ट्रामस्टॉपवरच्या चणेवाल्याला सुद्धा. तो चणेवाला माझ्याकडे बघतच राहिला होता.

घरात आम्ही तिघं. हे, म्हणजे माझे यजमान, एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. आणि सासूबाई. त्या सोळाव्या वर्षी लग्न होऊन या शहरात आलेल्या, चाळीस वर्षं इथे राहिलेल्या, पण बाहेरचा कणही न खाल्लेल्या. सासरे गेल्यावर तर सोवळं आणखी कडक झालं होतं. माझ्या संशयीपणाला माझ्या माहेरचे हसायचे, हेही हसायचे. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना तो गुण वाटला. संदेश नावाची मिठाई चाळीस वर्षं त्यांनी नुसती काचेआडून पाहिली होती. मी एका दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन, छेना कसा करतात, भांडी कुठे घासतात, सगळं बघून आले आणि म्हटलं, आई, इथलं चालेल. त्यांनी एक शब्द विचारला नाही. संदेश देवापुढे ठेवला, मग खाल्ला. खाताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला स्वतःबद्दल फार मोठं काहीतरी वाटलं होतं.

बांगलादेशची लढाई संपून वर्ष झालं असेल. यांच्या कारखान्यात इटलीहून यंत्रं यायची होती आणि ती शिकायला यांना सहा महिने नेपल्सला जायचं होतं. त्या इटालियन कंपनीने बायकोचंही तिकीट दिलं. सासूबाई म्हणाल्या, जा, मी राहीन एकटी, फक्त त्याच्या पोटाकडे बघ. कुणाच्या पोटाकडे कोण बघणार होतं ते तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पहिले दोन महिने मी ब्रेड, उकडलेले बटाटे आणि टोमॅटो यांवर काढले. बरोबर नेलेली डाळ महिन्यात संपली. तिथलं चीज मला आवडायला लागलं होतं, तोच एक दिवस जेवताना हे म्हणाले की कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, चीज घट्ट व्हायला त्यात वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात. मी हातातला तुकडा खाली ठेवला तो ठेवलाच. यांना सांगितल्याचा पश्चात्ताप झाला असावा, पण मी म्हटलं, सांगितलंत ते बरं केलंत. माणसाने सांगावं. त्यानंतर मी वाळत चालले. ब्लाउज ढगळ झाले, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. एका सकाळी बाजारातून येताना घराच्या जिन्यावर मला घेरी आली आणि घरमालकिणीने हाक मारमारून माणसं गोळा केली.

त्याच आठवड्यात यांनी मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका भट्टीवर नेलं. तिथे एक जाडजूड बाई लाकडी फळीवर गोल गोल कडी मांडून बसली होती. कणकेच्या दोन वळ्या एकमेकींत पिळून केलेलं कडं, वर अख्खे बदाम दाबलेले, आणि भट्टीतून नुकतंच काढल्यामुळे मिरीचा वास नाकात झोंबत होता. याला ताराल्ली म्हणतात, हे म्हणाले. मी माझे प्रश्न विचारले. तेवढी इटालियन मी पहिल्या दिवसापासून घोकून ठेवली होती. मांस नाही? मासा नाही? अंडं नाही? बाईने प्रत्येक प्रश्नाला छातीवर हात ठेवून मान हलवली, आणि मग मला बोटं मोजून दाखवली. पीठ, मिरी, बदाम. चौथ्या बोटाला तिने एक शब्द म्हटला तो मला कळला नाही. मी यांच्याकडे पाहिलं.

"मीठ," हे म्हणाले.

मी एक खाल्लं. बाहेरून कडक, आतून असं खुसखुशीत की दाताखाली आपोआप भुगा होतो. आपल्या कडबोळीची आठवण झाली, पण कडबोळी याच्यापुढे राकट वाटली असती. मी तिथेच उभ्याउभ्या तीन खाल्ली. नंतरचे चार महिने मी त्या ताराल्लींवर जगले असं म्हटलं तरी चालेल. सकाळी दोन, दुपारी दोन, आणि हे कामावरून येताना गरम आणायचे ती वेगळीच. माझ्या गालांवर पुन्हा मांस आलं. घरमालकीण माझ्या गालाला चिमटा काढून हसायची. परदेशात मला एका वस्तूवर तरी विश्वास ठेवता आला याचा आनंद त्या चवीहून कमी नव्हता.

निघताना मी दोन मोठे पत्र्याचे डबे भरून घेतले. एक वाटेत संपला. दुसरा दमदमच्या कस्टममध्ये उघडला गेला, अधिकाऱ्याने एक कडं मोडून आत काही लपवलंय का ते पाहिलं, आणि मोडलेलं कडं त्याने खाल्लं. संशयात तो माझ्यासारखाच, फक्त त्याला त्याचा पगार मिळत होता.

डबा मी सासूबाईंपुढे ठेवला तेव्हा हे तिथेच उभे होते. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. प्रवासाचा शीण असेल असं मी समजले. आई, मी स्वतः विचारून घेतलंय, मी म्हटलं. सासूबाईंनी मान डोलावली. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे. त्यांनी एक ताराल्लं चांदीच्या वाटीत ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि मग त्याचा तुकडा तोंडात टाकला. त्यांना स्वतःचे सगळे दात होते आणि त्याचा अभिमान होता. "मिरीची कडबोळी," त्या म्हणाल्या, "पण करणारीचा हात हलका आहे." त्या दिवसापासून रोज दुपारी चारला चहाबरोबर एक. एकच. डबा संपत आला तसं अर्धं.

डबा संपला आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सासूबाई तापाने पडल्या. ताप उतरला पण तोंडाची चव गेली ती आलीच नाही. मऊ भात पुढे केला की मान फिरवायच्या. लिंबाचं लोणचं नको, मेतकूट नको. डॉक्टर म्हणाले, काहीही द्या पण पोटात जाऊ द्या, या वयात अशक्तपणा चांगला नाही. मी त्यांना विचारलं, आई, काय खावंसं वाटतं? त्यांनी जरा लाजत सांगितलं, ती तुझी मिरीची कडबोळी मिळतात का गं इथे कुठे.

खरं सांगायचं तर मलाही तीच हवी होती. परत आल्यापासून चार वाजले की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. आता कारण मिळालं. मी कंबर कसली.

एस्प्लनेडला ट्राममधून उतरायचं आणि शोधत निघायचं, हा माझा आठवड्यातून तीन दिवसांचा कार्यक्रम झाला. साहेबांच्या काळात या शहरात इटालियन, स्विस, सगळ्या जातीचे मिठाईवाले होते असं ऐकलं होतं. माणसं गेली तरी हात मागे राहतात, कुठेतरी कुणीतरी करत असेलच, असा माझा हिशोब. न्यू मार्केटात एका केकवाल्याने माझं बोलणं नीट ऐकून घेतलं, हवेत बोटाने गोल काढून दाखवला आणि मला डोनट दिला. मी विचारलं, अंडं? तो म्हणाला, भरपूर. पार्क स्ट्रीटच्या एका चहाच्या हॉटेलात पगडीवाल्या वेटरने चीजच्या काड्या आणल्या. मी एक काडी रुमालावर घासून डाग पाहिला, वास घेतला आणि तशीच बशीत ठेवली. शेजारच्या टेबलावरची मंडळी आपापल्या बशांकडे बघायला लागली. भवानीपूरच्या आमच्या नेहमीच्या मिठाईवाल्याने तर ठामपणे सांगितलं की इटलीत जे काही असेल ते निमकीच, म्हणजे आपले खारे शंकरपाळेच आहेत, त्यांनी इथूनच नेलं असणार. त्याची निमकी चांगली होती, पण निमकी म्हणजे निमकी.

एका दुकानात मात्र मला हुबेहूब तसं कडं दिसलं. मी धावतच आत शिरले. मालक म्हणाला, अंडं नाही, मासा नाही, अगदी शुद्ध. फार लवकर म्हणाला. विचारण्याआधी उत्तर देणाऱ्या माणसावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही. एक घेतलं, बाहेर येऊन फुटपाथवर मोडलं. आत जुनाट तेलाचा वास आणि मिरीऐवजी ओवा. कावळ्यापुढे टाकलं. कावळ्याने आधी मान वाकडी करून पाहिलं, मग उचललं.

शेवटी पत्ता मिळाला तो आमच्या मराठी मंडळात. फोर्ट विल्यममध्ये बदली होऊन आलेल्या एका मेजरच्या बायकोला मी हे पुराण सांगत होते. ती म्हणाली, बराकपूरला आमच्या ओळखीचा एक म्हातारा आहे, चितगावकडचा, जन्मभर एका इटालियन माणसाच्या भट्टीवर होता, आता छावणीच्या बाजूला घरीच बिस्किटं करतो. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना तसं सांगून मी सियालदहहून गाडी धरली.

म्हातारा सत्तरीचा असेल. अंगात गंजी, कमरेला लुंगी, आणि मनगटांवर भट्टीच्या जुन्या भाजल्याचे डाग. मी ताराल्ली म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मी सावध झाले. इतका आनंद झालेला माणूस किंमत चढवून सांगतो. पण त्याने किंमत सांगितलीच नाही. त्याने मला वेताच्या मोढ्यावर बसवलं, पिठाच्या दोन वळ्या हातात घेतल्या आणि न बघता पिळून त्याचं कडं केलं. तेच. अगदी त्या भट्टीवरच्या बाईने केलं असतं तसंच.

मी माझे प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांना नाही म्हटलं. अंडं नाही, मासा नाही, मांस नाही. मला हायसं वाटलं. मग मी सहज, अगदी सहज, सामानाची चौकशी केली. सासूबाईंसाठी करून घ्यायचं तर पीठ, बदाम, मिरी आम्हीच आणून देऊ, तूपही घरचं देऊ, असं म्हटलं. म्हातारा हसला. "मा, तुपाने ते होत नाही," तो बंगालीत म्हणाला. "चरबी लागते. डुकराची. साहेब तीच आणायचा, त्याच्या देशात तीच घालतात. बाकी मी काही पण बदलून देईन, पण ती नसेल तर ते ताराल्ली नाही."

मी त्याला आधी खोटं ठरवलं. त्याचा तो साहेब काटकसरी असेल, चरबी स्वस्त पडत असेल, असं काहीबाही मनात आणलं. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. कोपऱ्यातला एक पांढरा डबा उघडून त्याने माझ्या नाकाजवळ धरला. त्या वासात मिरी नव्हती, बदाम नव्हते, भट्टी नव्हती. तरी मला तो वास ओळखीचा होता. चार महिने मी तो रोज हुंगला होता.

परतीच्या गाडीत मला माझ्या पोटाचं काही वाटलं नाही असं नाही, पण डोळ्यांपुढे ती चांदीची वाटी येत होती. मांस, मासा, अंडं. एवढं सगळं विचारलं, आणि कणकेत मोहन कशाचं घालतेस हे विचारायचं मला सुचलं नाही. मोहन म्हणजे तूप नाहीतर तेल, तिसरं काही असू शकतं हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच येत नाही. मला या शहराने माशाला भ्यायला शिकवलं आणि मी माशालाच भीत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि मग, दमदम मागे पडल्यावर कधीतरी, मला ते चौथं बोट आठवलं.

हे कामावरून आले. मी चहा दिला, समोर बसले आणि विचारलं, "त्या बाईने चौथ्या बोटाला काय म्हटलं होतं?"

यांनी कोणती बाई असं विचारलं नाही. कप खाली ठेवला. "चरबी म्हटलं होतं," ते म्हणाले. "तू जिन्यात पडली होतीस. चीजचं सांगितलं तर तू चीज सोडलंस. हे सांगितलं असतं तर तू मेली असतीस."

"आणि आई?"

ते म्हणाले की मी डबे भरून घेतले तेव्हा त्यांना वाटलं ते माझ्यासाठीच आहेत, आणि मी सासूबाईंपुढे डबा ठेवला तेव्हा उशीर झाला होता, आता सांगितलं तर मी चार महिने काय खाल्लं तेही सांगावं लागेल. मला राग आला, इतका की मी उठून खिडकीपाशी गेले. हा माणूस माझ्यावर प्रेम करत होता हे मला कळत होतं. तसं प्रेम मला नको होतं. जगातल्या प्रत्येक दुकानदाराकडे मी संशयाने बघत आले आणि ज्याच्याकडे कधी तसं पाहिलं नाही त्याने मला मीठ म्हणून सांगितलं होतं. यांनी माझी समजूत काढली नाही. एवढंच म्हणाले, आईला सांगू नकोस. सांगून तुझं मन हलकं होईल, तिचं काय होईल?

मी चार दिवस नाही सांगितलं. त्याऐवजी घरी ताराल्ली केली, घरच्या लोण्याच्या तुपात. ओव्हन नव्हता, वाळूच्या कढईत भाजली. ती कडक झाली, चिवट झाली, एकदा तर फुटाण्यासारखी तडकली. तिसऱ्या खेपेला बरी जमली. सासूबाईंनी एक चावलं, हळूहळू चघळलं आणि मला वाईट वाटू नये म्हणून संपवलं. चांगली आहेत, त्या म्हणाल्या, पण ती नाहीत. त्यात काहीतरी होतं बघ.

त्या तशा बऱ्या होत होत्या. मऊ भात जात होता, बसायला लागल्या होत्या. पण ती कडी त्यांच्या मनातून जाईनात. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. गणपती दहा दिवसांवर आले होते, कुमारटुलीच्या कारागिराला मूर्ती सांगून झाली होती. त्या म्हणाल्या, तू म्हणालीस ना बराकपूरला कुणी करतो म्हणून, मग त्याच्याकडून एकवीस करून घे. मोदक आहेतच, पण या आजारातून मी उठले ती त्या कडबोळीच्या आशेवर, यंदा तीही नैवेद्याला ठेवू. मी म्हटलं, आई, बाहेरचं नैवेद्याला कसं चालेल? त्या हसल्या.

"तू विचारून आणलेलं मला घरच्यासारखंच."

हे त्या वेळी घरात नव्हते. असते तरी मी थांबले असते असं नाही. मी त्यांच्या पलंगाशी खाली बसले आणि सांगितलं. पीठ, मिरी, बदाम आणि ते. माझी चूक सांगितली, मोहनाचं विचारायचं राहिलं ते सांगितलं. यांचं नाव घेतलं नाही. ते मी का लपवलं ते मला आजही नीट कळत नाही. माझ्या अंगावर सगळं घ्यावं असं वाटलं, किंवा आईचा मुलावरचा तरी विश्वास राहू दे असं वाटलं. आणि असं करताना मीही यांच्यासारखंच एक बोट मिटून घेतलं.

सासूबाई रागावल्या नाहीत. मला तेच सोसलं नाही. त्यांनी विचारलं, देवापुढे ठेवलं होतं ना आपण? मी हो म्हटलं. मग त्या उठल्या. अंगात शक्ती नसताना आंघोळ केली, देवघरातले सगळे देव ताम्हणात काढून एकेक चोळून धुतले, चांदीची वाटी चिंचेने घासली. मी मदतीला गेले तर हाताने थांब अशी खूण केली. दोन दिवस त्या पाण्यावर राहिल्या. हे माझ्याशी बोलेनासे झाले. पुन्हा ताप आला तर तू जबाबदार, एवढं एक वाक्य बोलले. ताप आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, वाढ मला थोडं. मी आनंदाने स्वयंपाक केला. सोवळ्यात केला, हात तीनदा धुतले. भात, वरण, लिंबाची फोड, कडेला थोडं मीठ. ताट पुढे ठेवलं. एरवी त्या ताटाला हात लावून नमस्कार करायच्या आणि लगेच भातावर वरण ओढून घ्यायच्या. त्या दिवशी नमस्कार केला आणि थांबल्या. वाटी उचलून जराशी उजेडाकडे कलती केली.

"यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्या ओळखीचाच आवाज होता, मी दुकानदारांशी बोलताना काढायचे तसा. मी सांगितलं. तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ, वरून तूप.

"तूप कुठलं?" त्या म्हणाल्या.